ठसा

ठशात मासा खोल असतो,
पत्रा ठोकला की फुगीर होऊन वर येतो.
आणि दिवा खालून लावला तर
खोल ते फुगीर दिसतं, फुगीर ते खोल.
हे रंगामामांनी मला गुजरीतल्या माडीवर दाखवलं,
टेबललॅम्प फरशीवर ठेवून,
मी तेव्हा चौथीत.
"डोळा लबाड न्हाई रं," म्हणाले,
"त्याला वाटतंय उजेड कायम वरनंच येतोय.
माकड हुतो तवापासनंची सवय."

आता मामा सीपीआरच्या खाटेवर बसलेत.
डॉक्टर इंगवलेबाई चिमट्यात साजाचं पान धरतात.
काय आहे हे?
मामा बघतात. बराच वेळ बघतात.
"रेघ हाय. बाकदार.
तिच्यासमोर दुसरी. आत चकाकतंय.
टोकाला दोन फाटे."
मग काय असेल?
"कात्री?"

चाळीस वर्षं ज्यांनी हा मासा घडवला,
कासव, भुंगा, चंद्र, कारल्याचं पान,
एकवीसच्या एकवीस, डोळे मिटून ओवले असते असे.

कागद दिला, पेन्सिल दिली.
मामांनी समोरचं उतरवून काढलं,
कल्ला, खवले, शेपटीचा काप,
परक्या लिपीतलं पत्र कुणी गिरवावं तसं.
"झालं," म्हणाले.
"पर ह्ये कशाचं काढलं मी?"

बाई मला व्हरांड्यात नेऊन
केसपेपरच्या मागं डोकं काढतात. बटाट्यासारखं.
डोळ्यातला पडदा सपाट, त्यावर सगळं सपाटच पडतं.
दोन डोळ्यांची दोन चित्रं, एकमेकांवर नीट न बसणारी,
त्या न बसण्यातूनच खोली निघते.
मागच्या बाजूच्या पेशीला फक्त तिरकी रेघ कळते.
पुढं, कानाच्या आतल्या अंगाला,
कुणाला फुगवटा कळतो, कुणाला खळगा,
कुणाला कोपराएवढा बाक.
त्यांचं जुळलं की मासा.
"तुमच्या मामांच्यात तेवढंच विझलंय.
दोन्हीकडं."

हे कसं कळलं?
माकडांकडून, म्हणाल्या.
केसाहून बारीक तार, एकेका पेशीला लावलेला कान.
एक पेशी दिवसभर गप्प.
चेंडू दाखवला, गप्प. डबा दाखवला, गप्प.
डाव्या अंगाला वर उचललेला उंचवटा आला
आणि ती कडकडत सुटली,
चुरमुऱ्याची भट्टी पेटावी तशी.

मला जोतिबाच्या पायऱ्यांवरचं वानर आठवलं.
आईच्या ताटातली खोबऱ्याची वाटी त्यानं उचलली,
पण त्याआधी, हात अजून हवेत असताना,
त्याच्या तळव्याची वाटी झाली होती.

परत आलो तर बाई म्हणाल्या,
बघू नका आता. नुसतं घ्या.

मामांचा हात उठला.
मी नीट पाहिलं, म्हणून सांगतो:
ज्या माणसाला मासा दिसत नव्हता
त्याची बोटं माशाएवढीच उघडली,
ना गहूभर जास्त, ना कमी,
आणि अंगठा आपणहून पाठीकडं वळला.
डोक्यातली दुसरी वाट, बाई पुटपुटल्या,
ती वरनं जाते, ती शाबूत आहे.
मला वाटेचं काही कळलं नाही.
बोटं टेकली मात्र,
आणि मामांचा चेहरा बदलला.

"मासा ह्यो! पैला अवतार."
मग अंगठा पोटावरून शेपटीकडं सरकला, थांबला.
"हितं लाख कमी भरलीया. दाबलं की बसंल.
कुणाचं काम?"

माझं होतं.

खाटेच्या पलीकडं खिडकी होती,
खिडकीत दुपार, आणि तिच्यापुढं मी,
मामांच्या लेखी दोन-चार रेघा, थोडी चकाकी.
मी बोललोच नाही.
त्यांनी हात पुढं केला, माझं नाक चाचपलं,
मधला उंचवटा, खालचा खळगा,
सावकाश, गिऱ्हाइकानं घोळ घालून आणलेला
जुना दागिना पारखावा तसं.
"पोतदाराचं न्हवं," म्हणाले.
"तुझ्या बाऽचं हाय.
चल, घरला चल. ठसं घासाय पायजेत."